निवृत्तीनं दम धरला

लातूरकडच्या मुरुडच्या बाजारगल्लीत निवृत्ती टेलरकडं माप द्यायला उभं राहिलं की त्याचा पहिला हुकूम ठरलेला, "आधी दम सोडा." गिऱ्हाईक बुचकळ्यात पडलं की तो खदाखदा हसतो. "छाती काढून उभं राहू नका, मालक. त्यापायीच माझी पोलिसकी गेली." मग टेप गळ्यात टाकून गोष्ट सुरू होते आणि कापड बिचारं तसंच पडून राहतं.

गोष्ट लातूर जिल्हा नवा झाला त्या काळातली. उस्मानाबादच्या पदरातून लातूर वेगळं निघालं, आणि नव्या जिल्ह्याला नवे साहेब, नव्या कचेऱ्या, नवे पोलीस लागणार अशी हवा गावोगाव उठली. निवृत्ती तेव्हा एका टेलरच्या हाताखाली काजं-बटनं करायचा. उंची होती, पळायला वारा होता. अडचण तेवढी छातीची. सदरा घातला की तो खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा, हे त्याचंच म्हणणं. बाप लहानपणीच गेलेला. घरात तो, आय सरजाबाई आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. अंगावर खाकी चढली तर आयचं उन्हातान्हात रोजगारानं जाणं सुटेल, एवढं एकच वेड त्याच्या डोक्यात होतं.

त्याचा दोस्त मन्मथ नांदेडला कॉलेजात शिकत होता. सुट्टीला येताना त्यानं एक डबा आणला. डब्यावर उघड्या अंगाचा एक गडी दंड फुगवून उभा.

"ह्याला प्रोटीन म्हणतेत," मन्मथ म्हणाला. "नांदेडची पोरं हेच खाऊन राहिली. दुधातून घ्यायचं, दोन चमचे. भरतीपस्तोर छाती दरवाजाएवढी."

मन्मथची स्वतःची छाती खिडकीएवढीही नव्हती. पण गरजवंताला अक्कल नसते.

घरात दूध चहापुरतंच. म्हणून निवृत्तीनं ती पावडर आंबिलीत कालवली, आंबीलही लसूण-मिठाची. दोन चमच्यानं काय होतंय म्हणून चमच्याऐवजी पळी घेतली. गुठळ्या गिळताना त्याला आपण माणूस नसून पुढ्यात पेंड टाकलेली म्हैस आहोत असं वाटायचं. फरक एवढाच की म्हैस दूध तरी देते.

पहिल्या दिवशी डबा उघडल्याबरोबर सरजाबाईनं वास घेतला. "आगं बाई! ही तं सुकडी हाय."

सुकडी निवृत्तीलाही आठवत होती. बहात्तरच्या दुष्काळात आय तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथं मजुरांना सरकारकडून ते गोड पीठ मिळायचं. बाकीच्या बाया तिथंच तोंडात टाकायच्या. सरजाबाई मात्र आपला वाटा पदरात बांधून घरी आणायची आणि पोराच्या हातावर ओतायची. "तू नको का?" असं त्यानं विचारलं की म्हणायची, "मला गोड चालत न्हाई. मळमळतंय." आणि निवृत्ती शेवटच्या कणापर्यंत हात चाटायचा.

"सुकडी न्हाई आये, हे पैलवानाचं हाय," त्यानं डब्याचं झाकण लावलं.

पावडरीनं काम चोख केलं, फक्त पत्ता चुकला. छातीला निघालेला माल पोटाच्या स्टेशनावरच उतरला. गल्लीतल्या बाया सरजाबाईला विचारू लागल्या, पोराचं लगीन गुपचूप उरकलं काय, सासुरवाडीचं जेवण अंगी लागल्यागत दिसतंय.

भरतीच्या दिवशी निघताना आयनं दारात पाठीवरून हात फिरवला. "घाबरू नको. दम धर."

निवृत्तीनं खरंच धरला. लातूरच्या मैदानावर रांगेत पुढचा गडी मापाला गेला तसा यानं नाकातून वारा ओढला, छाती भरून घेतली आणि बुजगावण्यासारखा ताठ उभा राहिला. हवालदारानं टेप लावला. माप बरोबर भरलं. निवृत्तीला आपण पोलीस झाल्याचं दिसूही लागलं.

"हां. आता फुगव," हवालदार म्हणाला.

ही अट त्याला कोणी सांगितलीच नव्हती. आहे त्या छातीवर पाच सेंटीमीटर वाढवून दाखवायची होती. निवृत्तीनं जोर लावला. डोळे मोठे झाले, कान लाल झाले, छाती जागची हलेना.

"फुगव म्हणलं ना!"

"साहेब, फुगवलेलीच हाय," दातांतून आवाज आला.

"मग सोड की आधी, येड्या!"

त्यानं दम सोडला. छाती आत गेली, पोट बाहेर आलं आणि चड्डीचं बटन तटकन उडून हवालदाराच्या बुटावर पडलं. ते बटन निवृत्तीनं स्वतः लावलं होतं. सगळं मैदान हसलं. पुन्हा माप घेतलं तेव्हा छाती मुळातच कमी भरली. एका हातानं चड्डी धरून तो रांगेतून बाहेर पडला.

गिऱ्हाइकांना गोष्ट इथवरच ऐकायला मिळते.

घरी येऊन त्यानं उरलेला डबा वरच्या फळीवर भिरकावला आणि पुन्हा त्याच्याकडं बघितलं नाही. पुढं शिलाई मशीन घेतली. पोलिसांच्या वर्द्या शिवायला येऊ लागल्या. खाकी अंगावर चढायची राहिली, मांडीवर येऊन बसली.

चौदा एप्रिल जवळ आला तसं त्यानं आयला नवी चोळी शिवायला घेतली. तिनं मापाला जुनी चोळी दिली. त्याबरहुकूम शिवली. घालून बघायला आत गेलेली सरजाबाई थोड्या वेळानं चोळी हातात घेऊनच बाहेर आली.

"बाही चढंना गेली रं."

निवृत्तीचा पारा चढला. त्यानं जुनी चोळी नवीवर ठेवली. शिवण शिवणीला बरोबर बसली. "माझं माप चुकत न्हाई, आये," म्हणत त्यानं तिच्या दंडाला टेप लावला आणि आकडा दोनदा वाचला. खडी फोडून काठीसारखा झालेला तो दंड भरला होता.

"काय खाऊन राहिलीस तू?"

सरजाबाईनं चोरट्या नजरेनं फळीकडं बघितलं. त्यानं डबा काढला. आत चाटूनपुसून लख्ख.

"टाकून कसं द्यावं?" ती ओशाळली. "रोज जराजरा घेत होते. लई गोड लागतंय."

"तुला तं गोड चालत न्हाई ना, आये?"

सरजाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

निवृत्तीला भडभडून आलं. बाही उसवायला घेतली, तर डोळ्यांपुढं टाका दिसेना.

त्यानं नांदेडला निरोप धाडला. मन्मथ डबा घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, "काय रं, परत भरतीला उभा राहतूस काय?"

"मी न्हाई," निवृत्ती म्हणाला. "आय."