कॅनॉलच्या वाटेवरच्या सिस्टर

सिस्टर कुणालाही “कशी आहेस?” असं विचारत नसत. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या बाईंनी नेमका हाच प्रश्न टाळावा, याचं मला नवल वाटायचं. “त्याला समदी ‘बरं हाय’च म्हणत्यात,” त्या म्हणायच्या. “चार पावलं बरोबर चाललं की खरं कळतं.”

वारूळवाडीत त्यांचं घर आमच्या घराला लागून. पुण्यातली नोकरी सोडून मी परत आले आणि खोलीचं दार लावून घेतलं, तेव्हा आई शेजारीपाजारी ताप आल्याचं सांगायची. सिस्टरना ते पटलं नसावं. एका सकाळी त्या सरळ आत आल्या आणि माझ्या चपला पलंगाशी आणून ठेवल्या. “बोलू नको. मलाबी बोलायचं न्हाई. नुसती चल.” बोलायचं नाही म्हणाल्या, म्हणूनच मी उठले.

आम्ही कॅनॉलच्या कडेने जायचो. दोन्ही बाजूंना ऊस. भेटेल त्याला माणूस बघून जय भीम, राम राम किंवा सलाम करत सिस्टर झपाझप चालायच्या. मी धापा टाकत मागे. नवरा गेल्यावर आपल्याला महिनोन्‌महिने झोप नव्हती, हे त्यांनी मला असंच, मागे वळून न बघता सांगितलं. “डोक्यातलं पायात उतरवलं, तवा डोळा लागला.” पुण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या मात्र त्यांनी मला सोडू दिल्या नाहीत. गोळी तिचं काम करील, पाय त्यांचं, असं त्यांचं म्हणणं. हळूहळू मी जेवू लागले, झोपू लागले. एकदा चक्क मोठ्याने हसले, तर म्हणाल्या, “हसतीस व्हय? मला वाटलं, इंग्लिश मिडियमला ते शिकवत न्हाईत.”

एकदा ओल्या मातीत मला ठसा दिसला. गोल, चार बोटांचा, नखं नसलेला. मी काही म्हणायच्या आत सिस्टरनी चप्पल घासून तो पुसला. “कुत्र्याचा हाय.” त्या नेहमी माझ्या दोन पावलं पुढे का चालतात, ते मला तेव्हा कळलं. त्यांना मी काहीच बोलले नाही. संध्याकाळी त्यांच्या मुलाला, अनिलदादांना, सगळं सांगून आले. आमच्याकडे बिबट्याने माणसं नेलेली आहेत. माझं चुकलं असं आजही म्हणवत नाही.

दादा रागावले नाहीत. त्यांनी सकाळी फाटकाला कुलूप लावायला सुरुवात केली आणि सिस्टरसाठी व्यायामाची सायकल आणली. सिस्टर तिच्यावर एकदाच बसल्या. “पाय फिरत्यात, पन मी जातीय कुठं?” म्हणाल्या आणि उतरल्या.

मग त्या ओट्यावर बसून राहू लागल्या. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण. केस विंचरायचंही राहू लागलं. मी ते सगळं ओळखत होते, त्यातूनच तर आले होते. एक दिवस शेजारी जाऊन बसले. ठशाचं दादांना कुणी सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. “बिबट्या माझ्या वाटेला कधी गेला न्हाई गं,” एवढंच म्हणाल्या. “ह्ये घर मातर दिवसभर अंगावर येतं.”

शाळेचं मैदान दहा मिनिटांवर. उन्हं वर आल्यावर तिथे हात धरून नेता आलं असतं. हे मला त्याच वेळी सुचलं होतं. पण त्यासाठी दादांशी बोलावं लागणार होतं, आणि आपण नको तिथे बोलून बसलो, हे एकदा झालं होतं. उद्या बोलू, असं करत मी हिवाळा घालवला. थंडी सरायच्या आत सिस्टर झोपेतच गेल्या. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं.

सिस्टरच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, माणसं पांगली. दादा मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि खाली बघत म्हणाले, “तुझ्याशी बोलायची ती. आपण काही वेगळं करायला पायजे व्हतं का गं?”

मी नाही म्हणाले.