तात्यांच्या टेम्पोपुढे

टेम्पोवाल्या तात्यांनी मला कधीच ‘शाब्बास’ म्हटलं नाही. साताऱ्याजवळच्या आमच्या गावातून डेअरीला दूध नेणारा टेम्पो त्यांचा. पहाटे रस्त्यावर दिवे नसायचे आणि कुत्री मात्र भरपूर. म्हणून शर्यतीच्या सरावाला मी पुढे पळायची आणि तात्या मागून हेडलाइट टाकत टेम्पो रांगत आणायचे. दूध उशिरा पोचलं की डेअरीवाले कटकट करायचे. तात्यांचं उत्तर ठरलेलं, “दूध नासलं तर पनीर करा. पोरीला कुत्रं चावलं तर काय करायचं?”

पळून झालं की ते किटलीतला चहा देत आणि विचारत, “आज काय बरं वाटलं?” वेळ किती लागला, हे कधी नाही. आधी एक बरी गोष्ट सांगायची, मग गुडघ्याची रडगाणी. एकदा मी वैतागून म्हणाले, “संपलं, ते बरं वाटलं.” त्यावर शांतपणे म्हणाले, “व्हय, ते बी धरू.”

गावाने माझं लय केलं. कुणाकडून अंडी, कुणाकडून तूप, बूट शाळेतल्या गुरुजींकडून. एकदा तर सांगलीच्या स्पर्धेआधीच फाट्यावर ‘प्रथम क्रमांकाबद्दल अभिनंदन’ असा भलामोठा फ्लेक्स लागला. माझा नंबर आला नववा. एसटीतून उतरले, तर फ्लेक्सवर टेम्पोची ताडपत्री आणि खाली दोरी आवळत तात्या. “वाऱ्यानं फाटला असता,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले. त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं.

पुढे त्यांची नजर अधू झाली. टेम्पो विकून ते माधवनगरला लेकीकडे राहायला गेले. मी पळत राहिले, पण यंदाचा हंगाम संपला तेव्हा मी पार दमले होते. पाय दुखतात ते कळतं. हे दमणं वेगळंच होतं. घरोघरी “पुढच्या वर्षी नक्की” ऐकलं की मान हलवून मी सटकायची. ज्यांचं तूप खाल्लं, त्यांना ‘आता नको’ कोणत्या तोंडाने सांगणार?

शेवटी माधवनगर गाठलं. “तात्या, मला पळावंसंच वाटंना झालंय.”

त्यांनी चाचपत चहाच्या कपाचा कान धरला. मग म्हणाले, “मग नगं पळू. पळाया लागायच्या आधीबी तू आमचीच हुतीस की.”

मी तिथेच रडले. त्यांनी रडू दिलं.

गावी परतले, तर पळण्याबद्दल कुणी चकार शब्द काढेना. दुकानात, देवळात सगळे आईची तब्येत विचारत, उसाचं बोलत. आधी हायसं वाटलं. मग राग आला. नवव्या नंबरालाही ज्यांनी हार घातला, ती माणसं दोन महिन्यांत विसरली? मी दुपारपर्यंत लोळायची आणि मनात सगळ्यांवर फुगून असायची.

उन्हाळ्यात तात्या गेले. दहाव्याला नदीवर डेअरीचे सेक्रेटरी शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं, इतका चेहरा उतरला होता. म्हणाले, “तू माधवनगरास्नं निघालीस अन् तात्यांचा फोन आला. ‘पोरगी लय दमलीया. तिला पळायचं कुणी इचारायचं न्हाई.’ मीच घरोघर सांगून आलो.”

एवढे दिवस अख्खं गाव माझ्यासाठी तोंड मिटून बसलं होतं, आणि मी त्यांच्यावर रुसले होते.