ताईचे दोन आवाज

आमचे दाजी जन्माचे संशयी. एकतीस वर्षं त्यांनी डब्यांच्या कारखान्यात पत्रा दाबायचं मशीन चालवलं आणि त्यात कान घालवले. पूर्ण नाही, फक्त बारीक आवाज येईनासे झाले. म्हणून स्वतःला बहिरं म्हणवून घ्यायला ते तयार नव्हते. "तुझ्या ताईचं अक्षर न् अक्षर ऐकू येतं मला. बाकीचे मुद्दाम हळू बोलतात," असं मलाच ऐकवायचे. सून फोनवर हसली, की ती त्यांनाच हसली.

चोर रंगेहाथ पकडायचाच म्हणून त्यांनी गुपचूप कानाचं मशीन आणलं. फक्त मला सांगितलं, आणि मी शहाणा गप्प बसलो. रविवारी सकाळी ते घालून, तोंडापुढे पेपर धरून बसले. आत ताई सुनेशी भाजीचं काहीतरी बोलत होती.

"आत कोण आलंय?" दाजींनी मला विचारलं.

"ताईच आहे."

"हा तिचा आवाज नाही."

मी उडालोच. लहानपणापासूनचा तिचा तोच आवाज, बारीक आणि भरभर. तेवढ्यात ती बाहेर आली आणि जाड आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "चहा घ्या." लग्नानंतर ताई पोक्त झाली, असंच मी इतकी वर्षं समजत होतो. माझ्यासारखा गाढव मीच.

दाजी उसळले. "एक आवाज माझ्यापुढे, एक माझ्यामागे? मी निघालो भावाकडे." बॅगही काढली त्यांनी.

ताईला ते मशीन दिसलं. "लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हापासूनच तुम्हाला माझं बोलणं पोचेना. मी पुटपुटते म्हणायचात. मग आवाज खाली आणत गेले. जो पोचला, तो ठेवला."

"डॉक्टरांनी तो बंद करायला सांगितलाय," सून म्हणाली. "तो जाड आवाज काढून काढून घशात गाठी आल्यात आईंच्या. तेच लपवत होतो तुमच्यापासून."

दाजींच्या हातून बॅग सुटली. म्हणाले, "आता ऐकू येतं मला. तू तुझ्या आवाजात बोल."

ताईने तोंड उघडलं, जाडच आवाज निघाला. सुनेकडे वळून बोलली तर बारीक आला. दाजींकडे वळली, की परत तोच.

"तुमच्याकडे बघून नाही हो येत," ती म्हणाली.

दाजींनी खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि आम्हा सगळ्यांकडे पाठ करून बसले.

"बोल आता," म्हणाले.