सांडशीशिवाय

काल महापालिकेची आरोग्यसेविका कुष्ठरोगाच्या तपासणीसाठी दारात आली. माझ्या दंडावरच्या फिकट चट्ट्यावर तिने पेनाचं टोक हळूच टेकवलं. "डोळे मिटा ताई, कुठे लागतंय ते बोटाने दाखवा." मला प्रत्येक वेळी लागलं. डोळे मिटलेलेच राहिले, आणि लालबागच्या चाळीतला आमचा सत्यनारायण समोर आला.

शिरा करपायला आला होता आणि सांडशी सापडत नव्हती. आईने ते पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं. बायका बघतच राहिल्या. मी दहा वर्षांची. ऐटीत शेजारच्या मुलींना ओढून आणलं. "आई, परत दाखव ना!" माझ्या हौसेखातर तिने पातेलं पुन्हा उचललं. तुपाच्या वासात दुसरा एक वास मिसळला, तो मला तेव्हा ओळखता आला नाही. "माका काय्येक लागणा नाय गो," ती हसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोड आलेल्या त्याच हातांनी ती भाकऱ्या थापत होती.

पुढे तिला दवाखान्यात नेलं तेव्हा तिची बोटं आखडली होती. फुकट मिळणाऱ्या गोळ्यांनी आजार पूर्ण बरा झाला. गेलेल्या नसा परत आल्या नाहीत. आणि त्याच बायकांनी तिच्या हातचा प्रसाद घेणं सोडलं, ते ती बरी झाल्यावरही.

"घरात कुणाला चटका जाणवला नाही, असं कधी झालं होतं?" आरोग्यसेविकेने वहीत लिहिता लिहिता विचारलं.

"आईला. तिने स्वतः सांगितलंही होतं," मी म्हटलं. "आम्ही टाळ्या वाजवल्या."