फाट्यापर्यंतची दक्षिण

"बाबा येत नसेल तर मीही जात नाही," असं मी आईला सांगितलं तेव्हा ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "मंग हा कागदांचा पसारा कोनासाठी मांडलास?"

पसारा खराच होता. जेवणाच्या टेबलावर दक्षिण भारताचा मोठा नकाशा, माझा लॅपटॉप आणि ऑफिसच्या प्रिंटरवर गुपचूप छापून आणलेला नऊ दिवसांचा कार्यक्रम. बदामीची लेणी, हंपी, चित्रदुर्गचा किल्ला, बेलूर-हळेबीडची देवळं, म्हैसूर, आगुंबेचा घाट, जोगचा धबधबा. गाडी माझी, चालवणार मी, सोबत आई आणि बाबा. गाडी घेऊन मला तीन वर्षं झाली होती आणि बाबा त्या गाडीत एकदाही बसला नव्हता.

बाबा ट्रक ड्रायव्हर. आमची भातशेती सरकारने नव्या शहरासाठी घेतली तेव्हा तो विशीत होता. त्यानंतर चौतीस वर्षं त्याने कळंबोलीच्या लोखंड बाजारातून माल भरला आणि खाली दक्षिणेत नेऊन उतरवला. हुबळी, दावणगिरी, बंगळूर, कोइमतूर ही नावं मी भूगोलाच्या पुस्तकाआधी आईच्या तोंडून ऐकली. आज बाबा कुठे असेल ते ती रोज संध्याकाळी आम्हाला सांगायची. मग काचबिंदूने त्याच्या नजरेच्या कडा खाल्ल्या. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. लायसन पुन्हा मिळालं नाही, ट्रक विकला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की गेलं ते परत येणार नाही, आणि राहिलंय ते किती दिवस टिकेल ते त्या सांगू शकत नाहीत.

त्या दिवसापासून बाबा ओट्यावर बसून होता. दवाखान्याला माझा भाऊ न्यायचा, तेवढंच बाहेर पडणं. समोरच्या बिल्डिंगीची पाण्याची टाकी बघत दिवस काढायचा. मला ते बघवत नव्हतं. उरलेल्या नजरेने त्याने टाकी बघायची, हे मला मान्य नव्हतं.

पण विचारलं की एकच उत्तर. "दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देऊन सामानासारखा बसाला मी नाय येनार." दुसऱ्याच्या म्हणजे माझ्या. बारावी झाल्या झाल्या भावाला त्याने ट्रकवर बसवून गाडी शिकवली. मी हट्ट केला तेव्हा म्हणाला, पोरींनी कशाला. मग मी पनवेलच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहाटेच्या बॅचला जाऊन शिकले. तो राग माझ्या नाकावर आजही आहे, आणि तो मी कुठून आणला ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. खाण तशी माती.

शेवटी आईने युक्ती सांगितली. "त्याला इचारू नको. त्याच्या कानावर परल असं काय तरी चुकीचं बोल."

दुसऱ्या दिवशी मी ओट्याकडच्या खिडकीत उभी राहिले आणि बंद फोन कानाला लावून मोठ्याने म्हणाले, "हो ना, कोल्हापूर सोडलं की आधी हुबळी लागतं, मग बेळगाव."

बाहेर चहाचा भुरका मध्येच थांबला.

"आधी बेळगाव!" बाबा ओरडला. "हुबळी आधी कशी येल?"

"मॅपवर तसं दिसतंय."

"मॅपला घाल चुलीत."

आणि तो आत आला. नकाशावर इतका वाकला की नाक कागदाला टेकलं. मान डावीकडे, मग उजवीकडे फिरवत त्याने कोपरा कोपरा वाचून काढला. माझा छापील कार्यक्रम उचलला, डोळ्यांपाशी धरला आणि "ह्यो कोनी बनवला?" असं विचारून उत्तराची वाट न बघता बाजूला ठेवला. आई भांडी घासत गालात हसत होती.

चार दिवसांनी त्याचा स्वतःचा कार्यक्रम तयार झाला. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, जाड मार्करने, एकेक अक्षर बोटभर. मी तो वाचायला घेतला आणि मला घाम फुटला. निघायचं रात्री तीनला. जेवण जिथे पाण्याचा हौद आहे आणि आंघोळ होते तिथे. मुक्काम कुठेच नाही. म्हैसुरात शिरायचं रात्री दहानंतर, ट्रकना आत सोडतात तेव्हा. एकूण दिवस एकवीस.

"एकवीस दिवस? बाबा, मला नोकरी आहे."

"घाटात लोड असला की गाडी वीसच्या वर नाय जात."

"लोड म्हणजे कोण? आई?"

आईने हातातला पेला आपटला. बाबाने न हसता घाटातला वेग विसाचा तीस केला आणि मोठा उपकार केल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

खरं भांडण झालं आगुंबेवरून. ते नाव मी कॅलेंडरवर माझ्या अक्षरात लिहिलं होतं. त्यावर त्याने आडवी काट मारून पुढे लिहिलं, बंद.

"बंद कसा? मी बघितलंय, चालू आहे."

"बंद हाय."

"तू शेवटचा कधी गेलास तिथे?"

"कवाच नाय गेलो. बंद हाय तर जानार कसा?"

माझं डोकं फिरलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हाच माणूस, असं मी आईला ऐकवलं. मग फोनवर त्या घाटाचा व्हिडिओ लावला आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरला. हिरव्यागार जंगलातून वळणामागून वळण, आणि एकामागोमाग उतरणाऱ्या गाड्या.

"हे बघ. जातायत की नाही?"

"त्या बारक्या गाड्या."

"मग आपली कुठली आहे?"

 फोन माझ्या हातातून घेऊन बाबाने तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून पाहिला. मग खुर्ची ओढून बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "बोर्ड हाय तिथं. जड वाहनांना बंदी." त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. "माझी गाडी जडच होती ना."

मग मी एकेक नाव विचारत गेले आणि तो सांगत गेला. हंपी? हंपीचा फाटा त्याला माहीत होता. फाट्यावर दगडी रथाचं चित्र काढलेली पाटी आहे, चिंचेखाली चहावाला आहे, पलीकडे पंक्चरवाला. बदामी? फाट्यावर पेट्रोल पंप, त्याच्या मागे चांगली भाजी मिळते. चित्रदुर्गचा किल्ला त्याने रस्त्यावरून बघितला होता, आणि डोंगरावरच्या पवनचक्क्याही. जोगचा फाटा कुठल्या गावानंतर येतो तेसुद्धा त्याने डोळे मिटून सांगितलं.

"आणि आत?"

"आत कोन जातो? माल टायमावर पोचवायचा असतो."

लहानपणी आम्ही शाळेत फुशारकी मारायचो की आमचा बाबा अख्खा देश फिरतो. मला तो फिरतोय, मजा करतोय असंच वाटायचं आणि आम्हाला का नेत नाही म्हणून मी रुसायची. त्याने चौतीस वर्षांत फक्त फाटे बघितले होते. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. बाबा गोंधळला. "रडाला काय झाला? आता जाऊ की," असं बोलून गेला आणि लगेच सावरून पुढे म्हणाला, "म्हंजे तुमी जा."

सकाळी कॅलेंडरचं दुसरं पान लिहून तयार होतं. त्यावर गावं नव्हती, फाटे होते. क्रमाने, अंतरासकट, आणि प्रत्येक फाट्यापुढे एकच शब्द: आत. दिवस दहा. मी माझ्या लॅपटॉपवर पडताळून पाहिलं. त्याचा रस्ता माझ्या रस्त्यापेक्षा दोनशे किलोमीटरने कमी होता आणि एकही देऊळ सुटलं नव्हतं. मी छापील कार्यक्रम फाडून टाकला.

तरी येतो असं म्हणेना. मी नुसता रस्ता सांगतो, म्हणे. आई म्हणाली, "ताकाला जायचा आनि भांडा लपवायचा."

बदामीच्या लॉजला फोन लावला तेव्हा पलीकडच्या माणसाला मोडकं हिंदी येत होतं आणि माझं हिंदी त्याला कळत नव्हतं. तीनदा तेच तेच सांगून मी आवाज चढवला. बाबाने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि घडाघडा कानडीत बोलायला लागला. नुसता बोलला नाही, त्याने विनोद केला असावा, कारण पलीकडचा माणूस हसल्याचं मलाही ऐकू आलं. आईचा पोळपाटावरचा हात थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात तिने हे ऐकलं नव्हतं.

फोन ठेवून बाबा म्हणाला, "झालं. तलमजल्याची खोली, खिडकीतून गाडी दिसल अशी. तीन मान्सं."

"तीन?" मी विचारलं. "मी एक. आई दोन."

"मंग रस्ता कोन सांगनार? मॅप?"

मी उठून त्याला मिठी मारली. आमच्या घरात अशी पद्धत नाही, त्यामुळे तो खांबासारखा ताठ उभा राहिला. त्या संध्याकाळी कामोठ्याहून भावाचा फोन आला. विमानतळ आता दारात आलंय, बंगळूरला विमानाने जा आणि तिथे गाडी करा, असा त्याचा शहाणा सल्ला. बाबाने फोन घेतला. "विमानातून फाटा दिसतो काय रं?" एवढंच विचारून त्याने फोन आईकडे दिला.

आम्ही निघालो पहाटे पाचला, कारण तीन आणि सहा यांच्यात तडजोड झाली होती. बाबाने चारही टायरांना लाथ मारून बघितली, नारळ फोडला आणि पुढे माझ्या शेजारी बसला. आई मागे, डब्यांच्या गराड्यात. एक्स्प्रेसवेवर चढल्यापासून बाबाचं तोंड सुरू. गिअर बदल. आरसा बघ. त्याच्या मागं चिकटू नको. बोरघाट संपेपर्यंत मी ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "बाबा, अजून एक शब्द बोललास तर लोणावळ्याला उतरवीन." तो गप्प बसला, पण हात दरवाजाच्या वरच्या कडीला घट्ट.

खंबाटकी घाटात पुढे एक भरलेला ट्रक लागला, धापा टाकत चढणारा. मागच्या गाड्या हॉर्नवर हॉर्न मारत होत्या. मी मागे राहिले, बरंच अंतर सोडून, आणि तो माथ्यावर पोचेपर्यंत पुढे घुसले नाही.

"त्याला जागा दिलीस," बाबा म्हणाला.

"द्यायची असते ना."

"हं." कडीवरचा हात खाली आला.

कोल्हापूरच्या पुढे जेवण झालं. निपाणी गेली, रस्ता सरळ आणि मोकळा लागला. बाबाने सीटच्या बाजूला चाचपडत दांडा शोधला, पाठ मागे केली आणि म्हणाला, "ह्यो रस्ता मी लय बघलाय. बदामीच्या फाट्याला मना उठव. तिथनं पुरचा सगला बघाचा हाय."

पाच मिनिटांत तो घोरायला लागला.

मागून आईने माझ्या खांद्याला हात लावला आणि अगदी हळू म्हणाली, "दवाखान्याला तुझा भाऊ नेतो ना त्याला, अर्ध्या तासाचा रस्ता, तरी डोला मिटत नाय. क्लीनरला गाडी द्यायचा तवा पन जागाच बसायचा. तो कोनाच्या गाडीत झोपत नाय."

  मी ऐंशीवर काटा धरला, रस्त्यातला एकेक खड्डा चुकवत गेले आणि मनात आलं की असंच कर्नाटकभर हॉर्न वाजवत सुटावं. वाजवला नाही. बाबा झोपला होता.