नानांची नात ‘चालू’, मग माझी अक्का?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

कानबाईच्या सणाला अमळनेरजवळच्या आमच्या गावी सगळे भाऊबंद जमले होते. ऐन स्वयंपाकात गॅस संपला. आमचे चुलते नाना, त्यांच्या नातीने स्कूटी काढली आणि एजन्सीवाल्याशी भांडून सिलिंडर आणला. नाना खुशीत म्हणाले, "मन्ही नात भलती चालू शे!"

सगळे हसले. रोट लाटत बसलेली माझी थोरली बहीण, अक्का, नाही हसली.

मोटर चालू, दुकान चालू, इतका साधा शब्द. पण ऐंशीच्या दशकात पोरीला ‘चालू’ म्हटलं की तिची अब्रूच गेली. अक्का एसटीने अमळनेरला कॉलेजात जायची. स्टँडवर वर्गातल्या एका मुलाशी हसून बोलताना तिला याच नानांनी पाहिलं आणि पारावर सांगितलं, "पोरगी चालू शे." वडिलांनी कॉलेज बंद केलं. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न उरकलं.

आज अक्काने लाटणं खाली ठेवलं. "नाना, मन्हं काय चुकनं व्हतं?"

नाना म्हणे, "तव्हा त्या शब्दना अर्थ येगळा व्हता."

मला सांगा, तुमच्याकडेही अर्थ बदलायला स्वतःची नातच लागते का?