दार उघडेपर्यंत थांबणाऱ्या कुसुमताई

गेल्या वर्षी, बेघर कुटुंबांसाठी काम करणाऱ्या आमच्या केंद्राच्या वार्तापत्रात मी लिहिले होते की, राहती खोली सुटलेल्या रेखाबाई आपल्या मुलीसह साक्री तालुक्यातील भावाच्या घरी सुखरूप पोहोचल्या. ते बरोबर नव्हते. सिल्वासाच्या बसस्थानकावर मी त्यांना नाशिकच्या गाडीत बसवले, एवढेच मी पाहिले होते. पुढचे मी गृहीत धरले. कुसुमताईंच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात सुरुवातीलाच हे यावे का, असे संपादकांनी मला विचारले. पण ही चूक तशीच ठेवून ताईंच्या कामाविषयी लिहिणे मला जमणार नाही.

ताईंना मी प्रथम पाहिले ते सिल्वासाजवळच्या नरोलीतल्या एका वर्गात. कोणाचे राहते घर सुटू नये यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय करावे, हे त्या तिथे शिकवत. मी तेव्हा एका कारखान्यात हजेरी लिहीत असे. मला वाटले होते, समोर बेघर माणसे बसलेली असतील. बसले होते चाळमालक, किराणा दुकानदार, ठेकेदारांचे सुपरवायझर आणि अंगणवाडीच्या सेविका.

ताईंनी एका दुकानदाराला विचारले, “रोज तेल-मीठ न्यायला येणारी बाई चार दिवस आली नाही, तर तुम्ही काय समजता?”

“दुसरं दुकान धरलं असंल.”

“आजपासून तसं समजू नका. जाऊन बघा.”

भरतभाई नावाचे चाळमालक मागून म्हणाले, “ताई, मी काय धर्मशाळा नाय खोलली ने.”

“नका खोलू. खोलीला कुलूप लावायच्या आधी मला एक फोन करा.”

“फोन केला तर तुम्ही येऊन बसणार, माझी चाय पिणार.”

“साखर कमी टाका,” ताई म्हणाल्या.

त्या महिन्यात भरतभाईंचा फोन आला, आणि ताई खरोखरच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. यंत्रावर बोटे गमावलेल्या एका कामगाराच्या कुटुंबाला त्यांनी दोन महिन्यांची मुदत मिळवून दिली. त्या मुदतीत त्याच्या बायकोला एका कँटीनमध्ये काम मिळाले. ते कुटुंब आजही त्याच खोलीत आहे.

ताई मूळच्या धुळे जिल्ह्यातल्या. यजमानांना कारखान्यात नोकरी लागली तेव्हा त्या इथे आल्या आणि निवृत्त होईपर्यंत शाळेत शिकवत राहिल्या. या कामाकडे कशा वळलात, असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, “शाळेच्या वाटेवर एक म्हातारे गृहस्थ बसायचे. मी त्यांना रोज डब्यातले पोहे द्यायचे. ते वारले, तेव्हा कोणाला कळवायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. वर्षभर पोहे दिले गं मी. गाव विचारलं नाही.”

खोली सुटली की लोक आधी भांडी विकतात, कारण ती घेऊन हिंडता येत नाही, आणि मग नव्या खोलीत चूल मांडायला काही उरत नाही, हे ताईंनी ओळखले. म्हणून आपली बाहेरची खोली त्यांनी अशा लोकांच्या भांड्यांच्या पेट्यांसाठी रिकामी केली. प्रत्येक पेटीवर नावाची चिठ्ठी. घरी आलेला पाहुणा त्या पेट्यांमधल्या एकमेव खुर्चीवर बसतो.

माझे पहिले शिक्षण घरीच झाले. कामाच्या पाळीवरून आल्यावर वडील मला लिहायला शिकवत. स्वतः पाहिले नाही ते लिहायचे नाही, असे सांगत. ताईंचा नियमही त्याच्या जवळचा होता. माणसाला गावी पाठवायचे तर सोबत जायचे, दार कोण उघडते ते पाहायचे, आत ताट वाढले जाईपर्यंत थांबायचे. त्या स्वतः असे अनेकांबरोबर गेल्या. पुढे गुडघ्यांनी साथ सोडली आणि ते काम माझ्याकडे आले. रेखाबाईंच्या वेळी कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही. भाऊ सख्खा आहे, एवढ्यावर मी निर्धास्त राहिले.

वार्तापत्र वाचून ताईंनी मला बोलावले. “पोहोचल्या म्हणतेस. मग माझ्याकडची त्यांची पेटी न्यायला कोणी का आलं नाही?”

मी फक्त गाडीत बसवले होते, हे मी कबूल केले. भावाचा नंबर आमच्याजवळ नव्हता; रेखाबाई इथेच परतल्या असतील या अंदाजाने ताई गुडघ्याला पट्टा बांधून रिक्षाने मजूर उभे राहतात त्या नाक्यांवर हिंडू लागल्या. मी सुट्टीच्या दिवशी बरोबर असे. कित्येक महिन्यांनी जवळच्याच गलोंडा गावी रेखाबाई भेटल्या. एका बंद गोदामाच्या पडवीत राहत होत्या, एकट्या. भावाने त्यांच्या मुलीला, सात वर्षांच्या आरतीला, ठेवून घेतले होते आणि बहिणीला दारातूनच परत पाठवले होते.

“केंद्रात का नाही आलात?” मी विचारले.

“तुमी इतकं मानानं धाडलं. मंग कोन्त्या तोंडानं परत येऊ, ताई?”

त्या मला ताई म्हणाल्या, ते अजून सहन होत नाही. परतताना मी रिक्षात रडले. कुसुमताईंनी माझी समजूत घातली नाही, रागावल्याही नाहीत. “रडून झालं की भरतभाईंना फोन लाव,” एवढेच म्हणाल्या.

भरतभाईंनी खोली दिली आहे. जामीन म्हणून माझी सही आहे. रेखाबाई तिथे राहायला गेल्या, पण आरती अजून मामाकडेच आहे. फोनवर ती आईशी बोलत नाही. मामा म्हणतात, समक्ष या, मग बघू. ती आईबरोबर येईल की नाही, हे मला ठाऊक नाही, आणि या वेळी मी आधी काही लिहिणार नाही.

ताईंना हल्ली जिना चढवत नाही. वर्ग मात्र त्या खुर्चीवर बसून घेतात. त्यांना उदंड आयुष्य लाभावे, गुडघ्यांचे दुखणे हलके व्हावे, आणि आमच्या चुका आम्हाला दाखवायला त्या खूप वर्षे आमच्यात असाव्यात, ही मनापासून प्रार्थना.

या ग्रंथाचा मजकूर शुक्रवारी छापखान्यात जातो. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळच्या पहिल्या गाडीने मी रेखाबाईंबरोबर साक्रीला जाणार आहे.